आठ बटणं, बारा रविवार

माणसांना बनवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं एका ऑफिसात शिपाई होतो आणि साहेबापासून झाडूवालीपर्यंत कुणाला सोडलं नाही. एकदा तर जेवणाच्या सुट्टीत सगळ्या टायपिस्ट मंडळींच्या कीबोर्डांची बटणं उपटली, मनाला येईल तशी उलटसुलट बसवली आणि गंमत बघायला दाराशी स्टूल टाकून बसलो. दीड वर्ष बसलो. ती मंडळी बटणांकडे न बघताच टाईप करायची, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. पुढे एकदा जुना अर्ज समोर ठेवून, एकेक अक्षर शोधत, एका बोटाने मीच माझा रजेचा अर्ज टाईप केला. साहेबाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "ही कुठली भाषा?"

(रजा मिळाली नाही.)

पुढे ऑफिसात नवे कीबोर्ड आले. वहीच्या पुठ्ठ्यासारखे पातळ, आवाज नाही, वजन नाही. जुने भंगारात निघाले. जुने म्हणजे कसे, तर एकेक अडीच किलोचा, आणि बटण दाबलं की असा खडाड्‌कन आवाज, की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळावं की इथे काम चाललंय. (नसलं तरी.) मला भंगार बघवत नाही. एक उचलला, पिशवीत घातला, घरी आणला.

बायको म्हणाली, "हे काय?"

"आपल्याकडे आता कॉम्प्युटर आला."

"बाकीचा कुठाय?"

"तो थोडा थोडा करून आणतो."

तिने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराला खाली लावून ठेवला. ते दार वाऱ्याने आपटायचं. त्या दिवसापासून आपटायचं थांबलं. अठरा वर्षं आमचा कॉम्प्युटर जमिनीवर बसून दार धरायचं काम करत होता, आणि मी ऑफिसात केलं त्यापेक्षा इमानाने.

आता बटणांचं सांगतो. आमच्या स्वयंपाकघरात एकाच मापाचे आठ डबे. हिने त्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि माझा हात काही गप्प बसत नाही. मी चिठ्ठ्या बदलायचो. साखरेची मिठाला, पिठाची डाळीला. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा, तिला सवय होऊ नये इतपत अंतर ठेवून. एक दिवस तिने पदर खोचला. चमच्याच्या दांड्याने दाराच्या कीबोर्डाची आठ बटणं उचकटली आणि बूट चिकटवायच्या गोंदाने डब्यांवर बसवली. साखरेला S, मिठाला M, चहाला C, असं करत बिस्किटांच्या B पर्यंत. मी शाळेत पाचवीपर्यंतच गेलो, पण इंग्रजी मोठी अक्षरं मला येतात. ऑफिसात चाळीस वर्षं फायली त्याच अक्षरांवर लावल्या.

"आता बदला," ती म्हणाली.

मी नखाने प्रयत्न केला. नख तुटलं.

त्यानंतर तीन वर्षांनी ती गेली. डबे राहिले.

मुलगी फार लांब राहते. दर रविवारी सकाळी फोन करते. व्हिडिओवाला. बोलायला चार मिनिटं असतात, त्यातलं एक मिनिट "बाबा, फोन सरळ धरा, मला फक्त पंखा दिसतोय" यात जातं. एका रविवारी मी फोन इतका वाकडा धरला की तिला दार दिसलं.

"बाबा, तो दाराला काय लावलाय? ऑफिसचा जुना कीबोर्ड?"

"हो. हलवू नकोस, दार आपटेल."

"अहो, मी इथे बसून कशी हलवणार? ऐका, त्याला आता किंमत आलीये. लोक वेड्यासारखे शोधतायत. नव्यांना तो आवाज नाही म्हणतात. मी जाहिरात टाकते."

मला वाटलं, पोरगी माझीच आहे, बनवतेय. पण तिने खरंच टाकली. पाच हजार लिहिले आणि खाली माझा नंबर.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मी नुसता बघत राहिलो. माझा फोन रविवारशिवाय वाजत नाही. वाजला तर बँकवाली बाई असते, आणि तीही रेकॉर्ड केलेली. (मी तिच्याशीही बोलतो. ती मधेच तोडते.) तर फोनवर एक गृहस्थ सात हजार द्यायला तयार. मी म्हटलं, विचार करून सांगतो. संध्याकाळी दुसऱ्याने नऊ म्हटलं. त्याच्याशी मी कीबोर्डाचं वजन, वायरची गुंडाळी, आमच्या साहेबाचा स्वभाव आणि माझा गुडघा, असा पाऊण तास बोललो. आठवडाभर घरात अशी वर्दळ होती, म्हणजे फोनवर. पण ही मंडळी सगळी एकाच वाणाची. "भाव सांगा, पाठवून द्या." घरी यायला कुणी तयार नाही. घरी येते म्हणाली ती एकच. दातांची डॉक्टर.

रविवारी चार वाजता आली. पंचेचाळिशीची असेल, केस आखूड, खांद्याला मोठी पर्स. दवाखाना आमच्या मागच्या रस्त्यावरच, शटरवर हसऱ्या दाताचं चित्र आहे तो. आल्या आल्या चपला काढून ती थेट दाराशी जमिनीवर बसली, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धडाधड टाईप करायला लागली. वायर कशालाही जोडलेली नव्हती. घरात असा आवाज झाला, की वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून वाकून ओरडल्या, "काका, कोण आलंय का?"

"पाहुणे आहेत," मी म्हटलं. हे वाक्य तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणत होतो. मग उगाचच आणखी एकदा म्हटलं.

डॉक्टरीणबाई थांबली. "काका, आठ बटणं नाहीत."

"माझे बत्तीसही दात नाहीत. कुठे तक्रार आहे?"

ती हसली नाही. दातांच्या बाबतीत ही माणसं हसत नाहीत. म्हणाली, "बघा, मी तुम्हाला फसवणार नाही. असा आहे तसा आठ हजार. सगळी मूळची बटणं असतील तर अठरा. आणि भाव रोज चढतोय."

खरं तर मी तेव्हाच तिला आत नेऊन डबे दाखवायला हवे होते. पाच मिनिटांचं काम. ती बटणं काढून घेईल, पैसे देईल, कीबोर्ड काखोटीला मारेल आणि जाईल. हे 'जाईल' माझ्या डोक्यात आलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"घरातच आहेत कुठेतरी," मी म्हटलं. "बायकोने जपून ठेवलीत. शोधून ठेवतो. पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी मी तिच्या हातावर एक बटण ठेवलं. B. (बिस्किटं संपलीच होती.) वाफेवर डबा धरला की गोंद सुटतो, हे मला आठवडाभरात कळलं होतं.

"एकच?"

"जुनं घर आहे. एकेक करून सापडतात."

एक बटण म्हणजे एक रविवार, असा सरळ हिशोब. मी मनातल्या मनात टाळी दिली. चाळीस वर्षांच्या नोकरीत असा डाव सुचला नव्हता. ती चार वाजता यायची, चहा घ्यायची, बटण बसवायची, पाऊण तास खडखडाट करायची. मी समोर खुर्चीवर बसून ऑफिसातल्या गोष्टी सांगायचो. तीही सांगायची. कुणी दाताऐवजी डॉक्टरचं बोट चावलं, कुणी भूल दिल्यावर शेजाऱ्याची सगळी भानगड सांगून टाकली. बटण बसवताना ती आधी ते उजेडात धरायची, फुंकर घालायची आणि अंगठ्याने अलगद दाबायची. मग दाताला म्हणावं तसं म्हणायची, "बसला."

आणि दर वेळी प्रामाणिकपणे भाव वाढवायची. आमच्यासारखा सौदा जगात कुठे झाला नसेल.

"काका, आता असाच एक बावीसला गेला."

"मग मला अठराच द्या."

"असं कसं? चोवीस धरू."

"कशाला उगाच? वीस."

"काका, तुम्ही विकणारे आहात."

मुलगी फोनवर विचारायची, "विकला का?" मी म्हणायचो, "थांबलोय. भाव चढतोय." ती म्हणायची, "वा, बाबा व्यापारी झाले," आणि चार मिनिटं संपायची.

फक्त एक झालं. डब्यांवरची अक्षरं कमी होऊ लागली. जिथे बटण होतं तिथे गोंदाचा पांढरा चौकोन राहिला आणि पांढरे चौकोन सगळे सारखेच दिसतात. तांदूळ आणि डाळ मी हलवून, आवाजावरून ओळखायचो. पिठाचा डबा वजनावरून. कधी कधी सवयीने आत तोंड करून विचारायचो, "अगं, कॉफी कुठे ठेवलीस?" आणि मग चार डबे उघडायचो. सातव्या रविवारी M गेलं. आठव्या रविवारी S दिलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने चहा टाकला.

डॉक्टरीणबाईने पहिला घोट घेतला. जरा थांबली. दुसरा घेतला. म्हणाली, "आज चहा वेगळा झालाय."

"वेलची घातलीय," मी थाप मारली. (वेलची घरात कधी नसतेच.)

तिने कप संपवला. ती गेल्यावर मी माझा कप तोंडाला लावला आणि बेसिनकडे पळालो. दोन चमचे मीठ होतं. एवढा मिठाचा चहा एखादी बाई शेवटच्या थेंबापर्यंत पिते आणि वर "येते काका" म्हणते, याचा अर्थ मला लागला नाही. मी तो शोधायलाही गेलो नाही, कारण माझ्यापुढे मोठा प्रश्न होता. आता एकच बटण उरलं होतं. चहाचं C. ते दिलं की आठ पूर्ण, पैसे मोजायचे, कीबोर्ड पर्समध्ये, बाई घरी. आणि त्यानंतरचे सगळे रविवार माझे एकट्याचे.

शनिवारी मी C काढलं आणि साखरेच्या डब्यात तळाशी पुरलं. रविवारी तोंड पाडून म्हटलं, "आज काही सापडलं नाही."

"असं?" ती म्हणाली. "चला, आज चहा मी करते." आणि आत गेली. आतून तिने एकदाही विचारलं नाही की साखर कुठली. चहा गोड झाला होता.

त्याच्या पुढच्या रविवारीही सापडलं नाही. त्याच्याही पुढच्या नाही. मी कपाटं उघडून दाखवली, गादी उलटली, पलंगाखाली काठी फिरवली. ती शांतपणे बघायची, कीबोर्ड वाजवायची, आणि हल्ली तिने एक नवीनच काढलं होतं.

"काका, तुम्ही उजव्या बाजूनेच चावता. कवळी टोचते का? या ना एकदा दवाखान्यात, बघते. पैसे नको."

"माझी कवळी ठणठणीत आहे."

"नुसती बघते."

"लोक डॉक्टरला जीभ दाखवतात, मी दाखवली. झालं." आणि मी खरोखरच जीभ काढून दाखवली. माझ्या तोंडात कुणी डोकावलेलं मला चालत नाही. दर रविवारी ती विचारायची, दर रविवारी मी विषय बदलायचो. त्यातच चहा निवायचा.

बाराव्या रविवारी सकाळी मला उगाच वाटलं, बटण जागेवर आहे ना बघावं. साखरेत चमचा घातला. नाही. हात घातला. नाही. साखर परातीत ओतली. मग मीठ ओतलं, पीठ ओतलं, तांदूळ-डाळ एकत्र झाली. बटण नव्हतं. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि तेव्हा मला आठवलं. त्याच सकाळी मी चहात साखर अंदाजाने ओतली होती, पाव बुडवून घाईत गिळला होता, आणि काहीतरी टणक घशातून गेलं होतं. मी म्हटलं होतं, पावाची कड असेल.

पावाची कड एवढी टणक नसते.

चार वाजता ती आली तेव्हा मी पलंगावर पडून होतो, पोटावर दोन्ही हात ठेवून. स्वयंपाकघरात पिठात पावलं उमटलेली.

"काय झालं?"

"डॉक्टरीणबाई," मी म्हटलं, "शेवटचं बटण सापडलं."

"कुठे?"

मी पोटाकडे बोट केलं. आणि मग सगळं सांगून टाकलं. डबे, वाफ, साखर, एक बटण एक रविवार. माणूस मरायला टेकला की खरं बोलतो म्हणतात. मी मरायला टेकलेलो नव्हतो, पण अंगठ्याच्या पेराएवढं बटण पोटात आहे म्हटल्यावर अंतर फार राहत नाही. मुलीला कोण कळवणार, आणि काय म्हणून कळवणार, हेही मनात येऊन गेलं. वडील C खाऊन गेले.

तिने सगळं ऐकून घेतलं. चेहरा एकदम गंभीर.

"घशात अडकलंय का बघावं लागेल," ती म्हणाली. "उठा. चला."

"आज रविवार. दवाखाना बंद असेल."

"किल्ली माझ्याकडे असते, काका."

तिने माझा दंड धरला आणि मागच्या रस्त्यापर्यंत मला असं नेलं, जसा मी काचेचा आहे. वाटेत भेटेल त्याला मी मान हलवत होतो. कुणी कोपऱ्यावरून विचारलं, "काका, कुणीकडे?" मी म्हटलं, "डॉक्टर घेऊन चाललीय." बटण पोटात होतं, तरी छाती जराशी पुढे आली. माझा दंड धरून कुणी चालल्याला बरीच वर्षं झाली होती.

तिने शटर वर केलं. मला त्या लांबलचक खुर्चीत बसवलं, पायाने काहीतरी दाबलं आणि मी आडवा झालो. डोळ्यांवर दिवा आला.

"तोंड उघडा. मोठं. आधी दात काढावे लागतील."

"दात राहू द्या. दातांचा काय संबंध?"

"काका, बटण आत आहे की नाही?"

मी तोंड उघडलं. तिने वरची कवळी काढली, खालची काढली, बाजूच्या स्टीलच्या वाटीत ठेवली. आरसा आत घातला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मी छताकडे बघत होतो आणि घशातून ज्या ज्या देवांची नावं निघाली ती घेत होतो. मग चिमटा आत गेला, टाळूला गार लागला आणि बाहेर आला.

टंग्‌.

वाटीत C पडलं होतं.

मी उठून बसायला गेलो आणि दिव्यावर डोकं आपटलं. वाचलो. पहिले दोन क्षण मला फक्त एवढंच कळलं. तिसऱ्या क्षणी मी ते बटण हातात घेतलं. कोरडं होतं. स्वच्छ होतं. मागचा गोंद खरवडून काढलेला होता. माझ्या पोटातून आलेली कुठलीही वस्तू इतकी स्वच्छ नसणार, हे मी स्वतःच सांगू शकतो.

"हे," मी बोळक्या तोंडाने म्हटलं, "हे कुठे होतं?"

"माझ्या पर्समध्ये," ती हातमोजा काढत म्हणाली. "तीन आठवडे. चहा करताना साखरेत सापडलं. आणि बाकीची पहिल्याच रविवारी पाणी प्यायला आत गेले तेव्हा दिसली होती. डब्यांवर ओळीने."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढी मेहनत करत होतात."

मी खुर्चीत मागे टेकलो. मिठाचा चहाही आठवला. आयुष्यभर मी लोकांना बनवलं आणि बारा रविवार एक बाई समोर बसून मला शांतपणे बनवत होती. राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी दात नसलेल्या तोंडाने हसत सुटलो, ते थांबेना. मग थांबलं. कारण हातात C होतं, आणि ते आठवं होतं.

मी ते तिच्यापुढे धरलं. "घ्या. आठ पूर्ण झाली. कीबोर्ड तुमचा. काय द्यायचे ते द्या, नाहीतर देऊ नका. दार आपटलं तर आपटू दे." आणि न विचारताच पुढे म्हटलं, "आता पुढच्या रविवारी तुम्हाला इकडे यायचं काही कारण नाही, ते एक बरं झालं. तुमचीही सुट्टी फुकट जाते. पण एक सांगा, सगळी बटणं पहिल्याच दिवशी दिसली होती, शेवटचं तर पर्समध्येच होतं, मग हे गिळण्याबिळण्याचं नाटक कशाला? मला या खुर्चीत आणून तुम्हाला मिळालं काय?"

तिने वाटी जवळ ओढली. वाटीतली खालची कवळी उचलली, नळाखाली धरली, पुसली, उजेडात धरून फिरवून बघितली. नेहमीच्या सवयीने फुंकर घातली. मग ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली.

"वरची तुमची आहे, काका," ती म्हणाली. "खालची लहान मापाची आहे, काकूंची. आता नवी करायला ही कितव्या रविवारी देणार?"